बोटांखालची टाकी

प्रिय धाकट्या,

हे पत्र मी स्वतः टाइप केलंय. फोन एकेक अक्षर कानात सांगतो, तरी चुका सापडल्या तर खुशाल हस. पंपघरात माझी बारा वर्षं झाली हे तुला ठाऊक आहे. त्यातल्या शेवटच्या पाच वर्षांत माझी नजर हळूहळू गेली, ते मात्र मी लपवलं. मागच्या भेटीत तुझ्या लेकीने काढलेलं चित्र बघून मी म्हणाले, किती छान घोडा! ते तुझं चित्र होतं. तुम्ही सगळे पोट धरून हसलात, मीही हसले. पण मी गंमत केली नव्हती गं बाई, असं तुझ्या बायकोला सांगायचं राहूनच गेलं.

दीड वर्षापूर्वी आमच्याकडे दाबाचे जुने काटे काढून आकडे दाखवणारा मोठा पडदा बसवला. मला तो नुसता पांढरा धूर दिसायचा. दोन महिने मी मिशीवाल्या सहकाऱ्याला चहा पाजून आकडे वाचून घेतले. तो रजेवर गेला आणि टाकी भरून वाहिली. खालच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी. साहेबांपुढे मी सगळं खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, "बाई, स्टोअरमध्ये बसा, पगार तोच राहील." मी म्हणाले, "पंप कुरकुरला की कान लावायला मलाच बोलावता ना? मग त्या पडद्यालाच बोलतं करा."

आमच्या पंपघरातली इंजिनिअर पोरगी हे ऐकून हट्टालाच पेटली. तिने टेबलावर एक पट्टी बसवली. टाकीत पाणी चढेल तशी ती बोटाखाली वर सरकते. प्रत्येक पंपाच्या बटणावर वेगळ्या खाचा, आणि दाबाला सूर: वाढला की चढतो, घटला की उतरतो. पहिला सूर इतका कर्कश होता की मिशीवाला म्हणाला, "ही तर माझी सासू!" तो बदलून घेतला.

तीन महिन्यांनी परीक्षा. साहेब पाठीशी उभे. तिसऱ्या पंपाचा सूर जरासा थरथरला, तसा मी तो बंद करून चौथा चालू केला. "पडद्यावर तर सगळं ठीक दिसतंय," साहेब म्हणाले. फिटरने पंप उघडला, तर बेअरिंग खिळखिळं झालेलं. आता मिशीवालाही पडद्याकडे पाठ करून चहा पितो.

काल तुझ्या बायकोचा फोन आला. डॉक्टरांनी मला पाच वर्षांपूर्वी जे सांगितलं, तेच आता तुला सांगितलंय, आणि तू बेकरीतल्या नोकरीचा राजीनामा लिहून ठेवलायस. हा आजार आपल्या रक्तातलाच, मी तोंड उघडलं असतं तर तू डोळे वेळेत तपासून घेतले असतेस. ही चूक माझी, तिच्यासाठी माझ्याशी हवं तितकं भांड. पण तो कागद देऊ नकोस. सोमवारी मी त्या पोरीला घेऊन तुझ्या बेकरीत येतेय. तिने विचारलंय, भट्टी नीट तापली की तिचा आवाज कसा बदलतो? मला नाही सांगता आलं. ते तुलाच ठाऊक.

तुझीच,
ताई