साहेबांच्या मुलाला जागा आवडली

पंचवटी, नाशिक
१९ नोव्हेंबर

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

बुधवारी तुझा फोन आला तेव्हा मी "विचार करून कळवते" म्हणाले होते, म्हणून हे पत्र. तुला हसू येईल, आता कोण लिहितं पत्र. पण फोनवर तू रडायला लागतेस, मग मूळ बोलणं बाजूला राहतं आणि मीच तुला समजावत बसते. कागदावर तसं होत नाही.

आधी घरचं सांगते. गावाकडं भात झोडून झाला. यंदा दाणा चांगला भरलाय म्हणे. बाबांचा गुडघा सुजलाय, पण पेठला दवाखान्यात चला म्हटलं की ते शेताकडं निघून जातात. आईने गावातल्या मयूरबरोबर नागलीचं पीठ आणि खुरासणीची चटणी पाठवली होती, निम्मी तुला द्यायची म्हणून. तुझा वाटा मी चिमणाबाईंना दिला. चिमणाबाई म्हणजे आमच्या दुकानात झाडू-पोछा करतात त्या. आई दर वेळी विचारते, "ताई भेटली का? वेदिका केवढी झाली?" भेटली म्हणाले. उंच झालीय म्हणाले. यात खोटं काही नाही.

माझ्या कामाबद्दल तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आज सांगते. मी बर्गरच्या दुकानात काउंटरला उभी असते. लाल टोपी, केसांना जाळी, छातीवर नावाची पट्टी. आमचे मॅनेजर महेश सर. त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून हसायचं. पण गिऱ्हाईक आपल्याकडं बघतच नाही गं. ते भिंतीवरच्या मेनूकडं बघतं, नाहीतर फोनकडं. काहीजण कानाला फोन लावूनच बोटांनी दोन दाखवतात. दोन काय, ते आपण ओळखायचं. चुकलं की सगळ्यांदेखत ओरडून घ्यायचं. एका बाईने बाळाचा भरलेला डायपर ट्रेमध्ये ठेवला, वर टिश्यू झाकला आणि जाताना मला गोड हसून थँक्यू म्हणाली. कॉलेजची पोरं सॉसने टेबलावर माझं नाव लिहून गेली, पुढं एक घाण शब्द. मी ते पुसत होते तेव्हा त्यातला एक काचेपलीकडून व्हिडिओ काढत होता. एकाने बर्गर जवळजवळ संपवला आणि त्यात केस निघाला म्हणून तमाशा केला. केस पांढरा होता. आमच्याकडं पांढऱ्या केसांचं फक्त गिऱ्हाईक येतं. सरांनी त्याला नवीन बर्गर दिला आणि मला माफी मागायला लावली.

याचं मला फार वाटत नाही. अनोळखी माणसाचं मनाला लावून घेतलं तर कामाची पाळी संपेपर्यंत उभं राहता येणार नाही. संध्याकाळी खोलीवर येऊन तोंड धुतलं की संपतं. हे तुला सांगितलं ते एवढ्यासाठी, की अपमान मला नवीन नाही हे तुझ्या लक्षात यावं. मग त्या रविवारचं कळेल. रविवारबद्दल फोनवर तू धड एक शब्द काढला नाहीस.

तुम्ही आत आलात तेव्हा मला आधी तू दिसलीस. मोरपंखी साडी, वेदिकाचा हात धरलेला. मागून दाजी आणि त्यांच्या कंपनीतले ते साहेब, साहेबांची बायको, मुलगा. मला इतका आनंद झाला की मी हात वर केला. तू मान हलवलीस. नाही, अशी. अगदी थोडीशीच. मग मला आठवलं, तुझ्या सोसायटीत आणि दाजींच्या कंपनीत सगळ्यांसाठी मी पुण्याला नर्सिंग शिकते. वर केलेला हात मी टोपीला लावला, टोपीच सारखी करायची होती असा.

नर्सिंगचं तू लोकांना सांगतेस याचा मला कधी राग नव्हता. फॉर्म भरायचा त्याच महिन्यात तुझं सिझर झालं. तुझ्या सासूबाई आल्या नाहीत, आपल्या आईला भाताची लावणी सोडता येईना. मी आले आणि वेदिका बसायला लागेपर्यंत राहिले. फॉर्मची तारीख गेली. तू म्हणालीस, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी कोणी काही म्हणालं नाही.

दाजी काउंटरला आले. मला वाटलं, ओळख न दाखवता ऑर्डर देतील आणि जातील. तेवढं मी निभावलं असतं. पण साहेब शेजारी उभे होते. दाजींनी माझ्या पट्टीवरचं नाव मोठ्याने वाचलं. म्हणाले, "सविता. नाव तर चांगलं आहे. काम येतं का?"

साहेब हसले. दाजींना ते हसणं आवडलं, मग ते थांबेचनात. ऑर्डर सांगून फिरवली, परत फिरवली आणि मीच चुकीचं ऐकलं म्हणाले. टेबलावरून चुटकी वाजवून बोलवत राहिले. सॉस आण, बर्फ आण, हे टेबल ओलं कसं. आमच्याकडं टेबलावर कोणी वाढत नाही, ज्याने त्याने न्यायचं असतं. तरी मी येत राहिले. तू फ्रेंच फ्रायचा खोका तुझ्या बाजूला ओढून घेतलास आणि त्यातच बघत बसलीस.

मग साहेबांच्या मुलाने हात मारून ग्लास पाडला. तुझ्या समोर पाडला. कोल्ड्रिंक दाजींच्या बुटावर गेलं. साहेबांच्या मुलाला ते काय बोलणार? त्यांनी सरांना हाक मारली आणि सांगितलं, या मुलीने झाकण नीट लावलं नव्हतं. सरांनी माझ्या हातात फडकं दिलं. मी फरशी पुसायला खाली बसले तर दाजींनी बूट पुढं केला. मी तोही पुसला. "सॉरी सर" म्हणाले.

तेवढ्या आवाजावरून वेदिकाने मला ओळखलं. "मावशी" म्हणून ती खुर्चीवरून उतरली आणि माझ्या गळ्यात पडली. जाळीत बोटं घालून टोपी काढायला लागली. साहेबांच्या बायकोने विचारलं, ही ओळखते का हिला?

तू म्हणालीस, "नाही हो वहिनी. झाडूवाल्या बायकांनाही मावशी म्हणायचं, असं शिकवलंय आम्ही तिला."

आणि तिचे हात माझ्या गळ्यातून सोडवलेस. ती सोडत नव्हती, तर एकेक बोट करून सोडवलेस. साहेबांची बायको म्हणाली, किती छान संस्कार आहेत. वेदिका रडत होती, तू तिच्या तोंडात फ्राय घातलास.

दाजींचं मी समजू शकते. आपल्यासारख्याच घरातला माणूस, साहेबांपुढं त्यांचं आतून पाणी होतं. त्यांनी मला फाडून खाल्लं ते भीतीने. पण ते वाक्य तुला कोणी शिकवलं नव्हतं ताई. दाजींनी सांगितलं नव्हतं, साहेबांनी मागितलं नव्हतं. विचारल्याबरोबर तुझ्या तोंडात तयार होतं. तू नुसतं "नाही" म्हणाली असतीस तरी भागलं असतं. मी तेही धरून ठेवलं नसतं.

चिमणाबाई पोछा घेऊन मागेच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं. तुम्ही गेल्यावर त्यांनी विचारलं, "पोरी, ती बाई तुझी कोण? नाक तर तुझंच हाय तिला."

मी म्हणाले, "कोणी नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तू जे बोललीस ते त्यांनीही ऐकलं होतं, हे मला खोलीवर आल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी मी पीठ त्यांना दिलं.

दाजींनी जाताना लेखी तक्रार करून ठेवली होती. तेव्हापासून मी काउंटरला नाही. ट्रे उचलते आणि संडास धुते.

आणि मग बुधवारी तुझा फोन. मला वाटलं, रविवारचं बोलायला केला असशील. मी खोलीबाहेर जिन्यात जाऊन बसले, सोबतच्या मुलींना ऐकू नये म्हणून. तू आधी माझी तब्येत विचारलीस. मग म्हणालीस, "साहेबांच्या मुलाला जागा आवडली गं. त्याचा वाढदिवस तिथंच करायचा म्हणतायत. तू दुसऱ्या शाखेत बदली मागशील का? परत तसं काही व्हायला नको." आणि रडायला लागलीस. मी नेहमीसारखी म्हणाले, रडू नको ताई, बघते काहीतरी.

बघितलं. सर म्हणाले, बरंच झालं, इथं आता तुझं नाव खराब झालंय. एक तारखेपासून मी नाशिकरोडच्या दुकानात जाणार. तुम्ही निर्धास्त या. फुगे लावा, केक कापा, वेदिकाला मधे उभं करून फोटो काढा.

तू मागितलंस ते मी दिलं. यापुढं काही मागू नकोस. तुझा नंबर मी काढून टाकलाय आणि तुझा फोन येणार नाही अशी सोय केली आहे. तुझ्या दारात मी येणार नाही. वेदिकाने विचारलं तर मी पुण्याला आहे म्हणून सांग, तुला सांगायची सवय आहे. लहान मुलं आवाज लवकर विसरतात. मीही तिचा विसरायला बघेन.

आईला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. सांगितलं तर ती तुझा हात माझ्या हातात देईल आणि जाऊ दे म्हणेल. तिच्यापुढं मला नाही म्हणता येत नाही. आपण दोघी एकदम गावाला का येत नाही, याचं उत्तर तिला तू दे. तुला पटकन सुचतं.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

सविता