भूमिकाची धवलेरी

प्रिय शेवंती,

भूमिकाचं लग्न आपल्या वारल्यांच्या रीतीनं लागणार. काल तिचे होणारे सासरे राघोदादा स्वतः पाड्यावर येऊन तसं सांगून गेले. हॉल आणि भटजी रद्द. फक्त गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरी तुम्ही आणायची, म्हणाले. हट्ट पोरीचा. कॉलेजात आपल्या लोकांचा इतिहास वाचत बसते आणि घरी येऊन मला विचारते, आई, तुमची लग्नं बाईनं गाणी म्हणून लावली, मग माझंच भटजीनं का लावायचं?

काशीमीऱ्याचा आपला पाडा तू आता ओळखणार नाहीस. पुढे गॅरेजं, मागे गोदामं, ट्रकच्या हॉर्नमध्ये कोंबडंही ऐकू येत नाही. पण मांडव म्हटलं की मला अजून तुझी आईच दिसते. भिंतीवर पांढऱ्या पिठानं लिहिलेल्या लग्नाच्या चौकासमोर बसून गायची, नवरदेव पेंगला की गाण्यातच त्याची खोड काढायची आणि अख्खा मांडव हसायचा. चौकावरून आठवलं, शाळेत बाई म्हणाल्या होत्या, चौक काढतात म्हण. तू उठून म्हणालीस, न्हाय बाई, आमच्यात चौक लिहितात. आई अडखळली की मागून पुढची ओळ तूच पुरवायचीस. आता पाड्यावर उरलेली म्हातारी धवलेरी रखमाबाई सांगते, शेवंतीला सगळं येतं, मला आता दम न्हाय.

मागच्या आठवड्यात मी आमंत्रण द्यायला मीरा रोडला आले. तू चहा केलास, भूमिकासाठी साडी काढून दिलीस, आणि म्हणालीस, चंपे, हे गेल्यापासून मी मांडवात जात नाही, लोक नावं ठेवतात. तुमच्या बिल्डिंगमध्ये ठेवत असतील. मी साडी घेऊन उठले. फोनवर तू बोलू देणार नाहीस, म्हणून लिहितेय.

तू विसरलीस का गं? तुझे बाबा गेले, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात तुझ्या आईनं माझं लग्न लावलं. रिकाम्या कपाळानं. कुणी तोंड वाकडं केलं नाही, कारण आपल्यात धवलेरीचं कपाळ बघत नाहीत, गाणं ऐकतात. तेव्हा मी तुला पाहुणी म्हणून बोलावतच नाहीये. रविवारी सकाळी माझा सुयोग बाईक घेऊन तुझ्या गेटवर येईल. रखमाबाई पहिली ओळ उचलेल आणि दुसरीला तुझ्यासाठी थांबेल.

तुझीच,
पाड्यावरची चंपा