चांदीत विरलेले सोने

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा सोनारकाम, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डोळे मात्र दुपारी चारपर्यंतच. कोणी धाकदपटशा केलेला नाही. त्यासाठी घरात कोणी यायला तर हवे.

१. राहती खोली, पुढची कामाची खोली आणि बँकेत असेल ते, वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना द्यावे. माझे दार उघडले की नाही हे त्या रोज सकाळी जिन्यावरून वाकून बघतात. एवढी चौकशी करणारे मला दुसरे कोणी नाही. त्यांच्या मशीनच्या खडखडाटाबद्दल मी पूर्वी बरेच बोललो आहे, ते सगळे मागे घेतो. ती बंद असली की मला करमत नाही.

२. फुंकणी, चिमटे, ऐरण आणि कामाचे मेज माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. ती परगावी असते. पंचेचाळीस वर्षांत आम्ही बोललेलो नाही. दोष माझा आहे, तो असा:

आई गेली तेव्हा तिच्या मागे चांदीची एक जाड अंगठी आणि सोन्याचे पातळ वळे राहिले. धाकटी म्हणाली, दोन्ही जोडून एकच अंगठी करू. आम्ही वडिलांच्या दुकानात शेजारी शेजारी बसत असू आणि तिचे काम माझ्यापेक्षा सफाईदार होते. हे मी आज प्रथमच लिहीत आहे. सोने चांदीला जोडायचे तर झाळ, म्हणजे सांधा जोडायला वितळवतात ती धातूची पट्टी, चांदीची घ्यावी, ती कमी आचेवर वितळते. ज्योत जाड चांदीवर फिरवावी, पातळ सोन्यावर नाही. ती तेच सांगत होती. "दादा, चांदीची झाळ घे." पण पिवळ्या कडेला पांढरी रेघ दिसेल, म्हणून मी हट्टाने सोन्याची घेतली. त्या झाळेला आच जास्त लागते; भाता धाकटी मारत होती. झाळ पाझरायच्या आतच सोने चांदीत उतरू लागले आणि बघता बघता विरून गेले. चिमट्यात राखाडी गोळा उरला.

दुकानात वडील होते, दोन कारागीर होते, पॉलिशवाला होता. वडिलांनी विचारले, "कुणी केलं हे?" मी म्हणालो, "हिनं. भाता जोरात मारू नको म्हणून किती सांगितलं!" तिने माझ्याकडे पाहिले आणि हात पुसले. वडिलांनी तिला पुन्हा मेजावर बसू दिले नाही. महिन्याभरात ती घर सोडून गेली आणि कुठल्याशा शाळेत कारकून झाली.

३. दुसरे कलम मी मागच्या आठवड्यात शिंपीणबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "काका, मेल्यावर कबूल करून काय उपयोग? आत्ता फोन करा की." नंबरही त्यांनीच शोधून दिला. मी फोन केला. चूक माझी होती, असे एका दमात सांगून टाकले.

ती म्हणाली, "माहीत आहे मला. झाळेची पट्टी मीच कापून दिली होती ना तुला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले."

हत्यारे तुझ्या नावावर करतोय, म्हणालो. ती म्हणाली, "नकोत. माझा हात थरथरतो आता. आणि मला काय सांगतोस? ज्यांच्यासमोर माझं नाव घेतलंस, त्यांना सांग." फोन ठेवला तिने.

म्हणून दुसऱ्या कलमातली देणगी रद्द. हत्यारे कारागिरी शिकवणाऱ्या अशा एखाद्या वर्गाला द्यावीत, जिथे मुलींना मेजावर बसवतात. बाकी मजकूर तसाच ठेवावा.

४. त्या दुकानातले वडील आणि दोन्ही कारागीर वारले. उरला पॉलिशवाला. या कागदावर साक्ष घालायला तो आज आला, तेव्हा मी त्याला सगळे सांगितले. त्याला कमी ऐकू येते, म्हणून मोठ्याने, दोनदा सांगितले. त्याने कानामागचा हात खाली घेतला. मग म्हणाला, "तुला बहीण होती?"

माझ्यापुरते जे सांगायचे ते सांगून झाले. दोघा साक्षीदारांच्या समोर सही करत आहे.

स्थळ: कामाची खोली
दिनांक: महिन्यातला दुसरा गुरुवार, दुपारी साडेतीन
सही: सोनार

साक्षीदार पहिले: गल्लीतले डॉक्टर
साक्षीदार दुसरे: पॉलिशवाला, त्या दिवशी दुकानात हजर