वरचं बटण

प्रिय वहिनी,

पत्र बघून दचकशील. आठवड्यातून दोनदा फोन करणाऱ्या माणसाने कागद-पेन कशाला हातात घेतलं, असं म्हणशील. गेले चार दिवस रोज तुझा नंबर काढतोय आणि फोन खाली ठेवतोय. फोनवर तू मध्येच "जेवलास का रे?" विचारतेस आणि माझं बोलायचं राहून जातं. कागद मध्ये बोलत नाही, तेवढं बरं. अक्षर मात्र कोंबडीने पाय उमटवल्यासारखं झालंय. इतकी वर्षं नुसती बटणं बडवल्यावर दुसरं काय होणार!

इकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे चाललंय. ही म्हणते, तू हल्ली घरी आलास की बूटसुद्धा न काढता दाराशीच बसतोस. खरं आहे. कंटाळा असता तर सुट्टी घेऊन गेला असता, हा शीण आहे. गेल्या महिन्यात साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, आपला जुना सर्व्हर कंपनी आता मोडीत काढणार. तो वापरणारी थोडी गिऱ्हाइकं उरलीत, त्यांच्यासाठी सगळं नीट बंद कसं करायचं ते लिहून द्या. तो सर्व्हर आम्ही चौघांनी मिळून बनवला होता. बाकीचे तिघे केव्हाच दुसरीकडे गेले, म्हणून काम माझ्या गळ्यात.

माझं काम नक्की काय असतं हे तू एकदा विचारलं होतंस आणि मी अर्धा तास फुशारकी मारली होती. आज थोडक्यात सांगतो. जावा नावाच्या भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम ज्याच्यावर चालतात तो सर्व्हर आम्ही बनवतो. तुमच्या हॉस्पिटलच्या लॅबमधले रक्ताचे रिपोर्टही त्याच्यावरच चालतात. तो बंद करायची एक रीत असते. दुकानदार कसा अर्धं शटर ओढतो, नवं गिऱ्हाईक घेत नाही, आत असलेल्यांचं सामान बांधून देतो आणि मग कुलूप लावतो, तसं. दुसरी रीत म्हणजे वीज गेल्यासारखं फटकन बंद करणं. मग हातातलं काम जिथल्या तिथे मरतं. म्हणून पडद्यावर दोन बटणं असतात. वर "थांबवा", खाली "ताबडतोब बंद करा". बावीस वर्षं त्या खुर्चीवर काढलेल्या तुला हे मी सांगतोय, म्हणजे आजीला नातवंडं कशी सांभाळायची ते शिकवण्यासारखंच झालं.

परवा जुन्या पेटीत माझी चौथीची गणिताची वही सापडली. आई गेल्यावर वर्षभराने तू घरात आलीस. मी नऊ वर्षांचा, हट्टी, आणि गणितात पक्का ढ. उत्तर जुळलं नाही की मी वही फेकायचो. तू ती उचलायचीस आणि म्हणायचीस, "थांब, आधी पुस्तकाचं उत्तर तपासू." एकदा खरोखरच पुस्तकातलं उत्तर चुकीचं निघालं. तू पदर खोचून शाळेत आलीस आणि आमच्या बाईंना ते कबूल करायला लावलंस. दादा लाजेने तीन दिवस त्या रस्त्याने गेला नव्हता. मी मात्र वर्गात छाती काढून बसायचो.

आता तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगतो. क्रमाने सांगितलं नाही तर मी मध्येच पळ काढीन. त्या शनिवारी दुपारी दोन वाजता, दर शनिवारसारखं, तू सर्व्हर बंद केलास. त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या मशीनने उशिरा, एकदम ढीगभर रिपोर्ट पाठवले होते. पडद्यावर ते चाक गरगरत राहिलं आणि मग "सर्व्हर बंद झाला" असं आलं. सोमवारी कळलं की एकसष्ट रिपोर्ट कुठेच नाहीत. मशीनला "मिळाले" असा निरोप गेला होता, म्हणून त्यानेही ते पुसून टाकलेले. साठ जणांचं रक्त पुन्हा घेतलं. एकसष्टाव्या त्या निवृत्त शिक्षिका. त्यांचं पोटॅशियम वाढलेलं होतं, ते वेळेत कोणालाच कळलं नाही आणि रविवारी संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात कोसळल्या. नऊ दिवस अतिदक्षता विभागात. वाचल्या, पण अजून आधाराशिवाय चार पावलं टाकता येत नाहीत.

मग चौकशी समिती बसली. सर्व्हरने स्वतःची नोंद ठेवलेली असते, ती त्यांनी मोठ्याने वाचली, "ऑपरेटरच्या आदेशाने सक्तीने बंद." तू म्हणालीस, मी वरचंच बटण दाबलं होतं. ते म्हणाले, बाई, यंत्र खोटं बोलत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मी तुमच्याकडे आलो होतो तो दिवस आठव. दादा औषधं आणायला गेला होता. तू भाजी निवडत होतीस आणि चांगली पानं टाकून देत होतीस, तेही तुझ्या लक्षात येत नव्हतं. तू विचारलंस, "बारकू, तुझं तर हेच काम. माझं बोट खालच्या बटणावर गेलं असेल का रे?" आणि मी म्हणालो, "असेल वहिनी. दमलेली असशील. होते चूक माणसाच्या हातून." वर पाठीवर हातही ठेवला. तू मान हलवलीस. तुझा चेहरा उतरला आणि सैलही झाला, निकाल लागल्यावर होतो तसा. त्यानंतरच्या फोनवर तू म्हणालीस, आता मला आठवतंय, खालचंच दाबलं होतं मी.

तुला ते आठवणं शक्य नाही. तसं घडलेलंच नाही. वरचं बटण दाबल्यावर सर्व्हर हातातलं काम संपवायला घेतो, पण फक्त तीस सेकंद. तेवढ्यात संपलं नाही तर तो कोणाला काही न विचारता, न सांगता, स्वतःच सगळं तोडून टाकतो. तीस हा आकडा माझा आहे. आमच्याकडे तपासताना आत पाचदहा कामं असायची, चार सेकंदांत उरकायची. मला वाटलं, तीस म्हणजे डोक्यावरून पाणी. आणि सर्व्हरने स्वतः तोडलं तरी नोंदीत वेगळं वाक्य हवं होतं. मी वेगळं लिहिलं नाही. दोन्हीला एकच वाक्य चिकटवलं. समितीने वाचलं ते वाक्य मी एका गुरुवारी, जेवायच्या सुट्टीच्या आधी, घाईत लिहिलंय.

तेव्हा आमच्यात तपासणीचं काम करणारी एक बाई होती. सगळीकडे टोचायची म्हणून आम्ही तिला सुई म्हणायचो. तिने लेखी तक्रार नोंदवली होती की पडद्यावर किती काम उरलंय ते दिसत नाही, तीस सेकंदांनी काय होणार ते सांगितलेलं नाही, आणि पडद्यासमोर बसणारा माणूस यात विनाकारण फसेल. मी उत्तर लिहिलं, "वापरणाऱ्याने माहितीपुस्तिका वाचावी, पान दोनशे चौदा," आणि तक्रार बंद केली. दोनशे चौदावं पान जगात कोणी उघडलं असेल तर ते छापणाऱ्याने.

हे सगळं परवा कळलं असं सांगितलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास, आणि मलाही सोपं गेलं असतं. पण तू विचारलंस तेव्हाच तीस सेकंद मला आठवले होते. तरी मी तुला क्षमा केल्यासारखं बोललो. अकरा दिवस ती जुनी फाइल उघडली नाही. उघडली तेव्हा सगळं जिथे ठेवलं होतं तिथेच होतं, खाली माझं नावसुद्धा. पुढचे काही दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की समिती तुला समज देऊन सोडेल, निवृत्तीला दोनच वर्षं उरलीत, कशाला उकरायचं. मग दादाचा फोन आला. तो एरवी चार शब्दांच्या पुढे जात नाही. म्हणाला, "ती रोज हॉस्पिटलात त्या शिक्षिकाबाईंच्या खोलीबाहेर बाकावर जाऊन बसते. आत जात नाही. आणि कबुलीजबाब लिहून ठेवलाय, गुरुवारी सही करून नोकरी सोडणार म्हणते."

वहिनी, ती सही करू नकोस, एवढ्यासाठी हे लिहिलं. कुरिअरने पाठवतोय, गुरुवारच्या आत पोचेल. आज सकाळी मी समितीला तो प्रोग्रॅमचा भाग, सुईची तक्रार आणि खालचं माझं उत्तर, सगळं माझ्या सहीने पाठवलं. साहेबांना पाठवल्यावर सांगितलं, आधी नाही. ते म्हणाले, उद्या येऊ नका, कळवतो. हिला सांगितलंय. ती एवढंच म्हणाली, "वहिनींना कधी सांगणार?" शनिवारी मी तिकडे येतो आणि त्या शिक्षिकाबाईंकडे मी जाणार, तू नाही. त्या काय बोलतील ते ऐकून घेईन. तुझ्याकडे यायचं की नाही ते तू ठरव. दार उघडलं नाहीस तरी मला समजेल. गुरुवारी समितीने विचारलं तर आता जे आठवतंय असं वाटतं ते सांगू नकोस, पहिल्या दिवशी जे सांगितलं होतंस तेच सांग, की मी वरचं बटण दाबलं आणि ते थांबायची वाट बघत बसले. तेच खरं आहे. ते खरं आहे हे तुझ्याशिवाय फक्त मला माहीत होतं, आणि मी तुला एकटीला बसू दिलं.

तुझाच,
बारकू