नाराच्या देवळाबाहेरच्या चपला

रविवार, संध्याकाळ. ओसाका, लेकीचं घर.

आज लेकीनं आम्हा दोघांना रेल्वेनं नारा नावाच्या जुन्या शहरात नेलं. तिथं बुद्धाचं लाकडी देऊळ, लई मोठं. गावाकडच्या, धर्मापुरीच्या सवयीनं मी दारातच चपला काढल्या. आत बघते तर सगळे बूट घालून हिंडतायत! "आई, इथं काढत न्हाईत गं," लेक म्हणाली. हे म्हणाले, "गेल्या आता तुझ्या चपला." मी अनवाणीच देवापुढं गेले. फरशी लई गार.

बाहेर आले तर चपला होत्या. पण भिंतीच्या कडंला सरकवलेल्या, नीट जोडून, तोंडं बाहेर केलेली. नुसता पाय घालायचा अन् निघायचं. माझ्या मळक्या चपलांना कुणी हात लावला असंल? परत येताना रेल्वेत मी सारखी माझ्या पायांकडंच बघत होते. लेक म्हणाली, "पाहुण्याच्या चपला इथं अशाच फिरवून ठेवतात. जाताना सोपं पडतं."

तेव्हा ध्यानात आलं. आठ दिवस झाले, लेकीच्या दारातबी माझ्या चपला रोज सकाळी तोंड बाहेर करूनच असतात. मला वाटायचं, मीच तशा काढते. मग मी इथं पाहुणी हाय का?

आत्ताच उठून चपलांची तोंडं घराकडं करून आले. बघू सकाळी कोण फिरवतंय.