बिनमिठाची पोपटी

वरसे, रोहा
पौषातली एक सकाळ

प्रिय मोरू,

फोन हाताशी असताना महिपतीला पत्राची हुक्की कुठून आली, असं म्हणशील. पण फोन लावला की तुझी बहीण शेजारी येऊन बसते आणि माझ्या हातातून तो काढून घेते. हो, येऊन बसते. स्वतःच्या पायांनी. हे वाक्य पुन्हा एकदा वाच आणि मग पुढं जा.

भाऊबीजेला तू आलास तेव्हा हौसाला पाटाशी बसवतही नव्हतं. अंथरुणातूनच तिनं तुला ओवाळलं. तबक खालून मी धरलं होतं. डायलिसिसनं रक्त साफ व्हायचं, पण अंगातली ताकदही त्याच्याबरोबर निघून चालली होती. तू भाऊबीजेची साडी तिच्या हातात ठेवलीस, आणि जाताना फाटकाशी कागदात बांधलेलं दुसरं एक पुडकं माझ्या हातात दिलंस. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, मी तुझ्याकडे नाही. मी ते माळ्यावर टाकलं. त्याचं शेवटी लिहितो.

तू गेल्यावर दवाखान्यात आहार सांगणाऱ्या सुरभीनं मला बाजूला घेतलं. आजींची प्रथिनं फार खाली गेलीत, ती वर आली नाहीत तर शरीर हे सगळं फार दिवस सोसणार नाही, असं तिनं सरळ सांगितलं. डाळी आणि वाल मोजके, मीठ जवळजवळ बंद. ताकदीच्या पावडरचा डबा दुकानात हातात घेऊन, किंमत बघून मी परत ठेवला होता, हे तिनं चेहऱ्यावरूनच ओळखलं असावं. म्हणाली, आजोबा, अंडी आणा. पिवळा बलक बाजूला काढा, तो आजींना चालत नाही. नुसता पांढरा द्या. इतकं स्वस्त आणि इतकं गुणाचं दुसरं काही सापडायचं नाही.

आता माझा आणि चुलीचा संबंध चहापुरता. शाळेत आपण चांदण्याच्या, बगळ्यांच्या, मोगऱ्याच्या कविता घोकल्या; तू ओळ विसरायचास आणि मी मागच्या बाकावरून पुरवायचो. अंड्याच्या पांढऱ्या बलकावर मात्र एकही कविता आठवेना, आणि का नाही ते पहिल्याच दिवशी कळलं. उकडून दिला तर हौसा म्हणाली, रबर हाय. बिनमिठाची भुर्जी केली, तर तिला वास आला. लिंबू पिळलं, मिरी घातली, तर ती भिंतीकडे तोंड करून निजली. खारेपाटातली मुलगी ती, मिठाच्या ढिगांशी खेळून वाढलेली. ताटात पांढरंशुभ्र दिसतंय आणि जिभेला मीठ लागत नाही, ही तिला चक्क फसवणूक वाटायची. पिवळे बलक शेजारच्या बायजाबाईकडे जायचे. तीही मला सोडायची नाही. म्हणायची, भाऊ, औषध तुमच्या बायकोचं नि गाल वर आलेत माज्या नातवंडांचे.

मग मार्गशीर्षात एकदा बांधावरून येताना पायाखाली भांबुर्डा चुरडला. मोरू, काय सांगू, त्या पाल्याच्या वासासरशी मी तुमच्या शेतावर जाऊन उभा राहिलो. तुझ्याकडची ती पहिली पोपटी. शेंगा आणि अंडी घालून मडकं पाल्यानं गच्च भरणारी एक मुलगी, आणि जाळाशी उभा राहून कविता म्हणणारा मी. ती म्हणाली होती, कविता मागनं, पयल्या शेंगा सोला. मी आयुष्यभर सोलतोच आहे.

मी ओंजळभर पाला खुडून घरी आणला. पांढरा बलक ओवा, लसूण, मिरची घालून घुसळला, तेल लावलेल्या डब्यात वाफवला आणि ढोकळ्यासारख्या वड्या पाडल्या. लहान मडक्यात खाली भांबुर्डा, मध्ये वड्या, वर पुन्हा भांबुर्डा. पहिलं मडकं गॅसवर तडकलं. दुसऱ्याच्या खाली तवा ठेवला. हळूहळू घरभर वास पसरला आणि आतल्या खोलीतून, कितीतरी दिवसांनी, मोठ्यानं हाक आली, “अवो, पोपटी लावली व्हय?”

तिनं एक वडी खाल्ली. दुसरी मागितली. तिसरी हातात घेऊन माझ्याकडे डोळे वटारले. “मीठ घातलाव ना? डाक्टर वरडंल.”

मीठ कणभर नव्हतं रे. भांबुर्डा आणि ओवा, बस्स. मी मोरीत जाऊन उगाच तोंड धुतलं.

त्या दिवसापासून आमच्याकडे रोज पोपटी. पायांची सूज ओसरली. ती आधी ओट्यापर्यंत आली, मग फाटकापर्यंत, आणि गेल्या आठवड्यात रस्त्यावर जाऊन भाजीवाल्याशी भांडली. ते भांडण मी खिडकीतून एखाद्या कवितेसारखं ऐकलं. डायलिसिस सुटलेलं नाही, सुटणारही नाही. पण परवाचा रिपोर्ट पाहून सुरभी खुर्चीतून उठली आणि तिनं मला विचारलं, आजोबा, हे मडक्याचं बाकीच्या पेशंटना शिकवाल का? सांग मोरू, शाळेत तरी मला कधी असं बक्षीस मिळालं होतं?

आता पुडक्याचं. काल माळ्यावरून मोठं मडकं काढताना पुडकं हौसाच्या पुढ्यातच पडलं आणि कागद फाटला. हिरवी साडी. अहेव बाईला शेवटी माहेरची साडी नेसवतात, हे हौसाला कुणी सांगायला नको. आयत्या वेळी धावपळ नको म्हणून तू ती आधीच आणून ठेवलीस, हेही तिला कळलं. मी जमिनीकडे बघत उभा. तिनं काठावरून सावकाश हात फिरवला आणि म्हणाली, मोरूला लहानपणापासून घाईच भारी, पण काठ बरा निवडलान. साडीची घडी माहेरीच मोडायची, असं तिनं तिथंच ठरवलं. डॉक्टरांनी एक दिवस मोकळा दिलाय. रविवारी दुपारच्या एसटीनं आम्ही तुमच्याकडे रामवाडीला उतरतो आहोत, पोपटीला. तुझी बहीण त्याच साडीत उतरेल. ते बघून तुझ्या काळजाचा ठोका चुकू नये, म्हणून हे पत्र. अंडी आम्ही आणतो. तिचा निरोप तिच्याच शब्दांत: “त्याला म्हनावं, माजं मडकं बिनमिठाचं लाव. आन् पुडच्या भाऊबीजंला जांभळी आन, हिरवी मी नेसले.”

तुझाच, मागच्या बाकावरून ओळ पुरवणारा,
महिपती