कार्डावरची खूण

लिदम, लँकेशायर
बुधवार, १२ नोव्हेंबर १९९७

प्रिय मेव्हिस,

काल सकाळी टपालाने आलं ते असं. विजेचं बिल, एकेचाळीस पौंड. गेल्या खेपेपेक्षा चार कमी, कारण मागच्या दोन खोल्या मी बंदच ठेवते. चॅपलच्या नाताळच्या विक्रीची पत्रिका, फुकट. आणि पाच नोव्हेंबरच्या शेकोटीच्या रात्रीसाठी मी तुला पाठवलेला पार्किन केकचा डबा, न उघडलेला, वर तुझ्या अक्षरात ‘पाठवणाऱ्याकडे परत’. पाठवायला तीन पौंड पंधरा पेन्स पडले होते. परत आणण्याचे त्यांनी काही घेतले नाहीत.

प्रभूच्या कृपेने इकडे सगळं ठीक. तुझीही तब्येत बरी असेल अशी आशा करते. हे वाक्य हाताच्या सवयीने लिहिलं. तुझी तब्येत कशी आहे ते मी वर्तमानपत्रात वाचलं आहे. खोडत नाही, खोडलेलं पत्र आईला आवडायचं नाही.

पार्किन टाकून देववेना. ओटचं पीठ, काकवी, आलं, सगळं आईच्याच मापाने घातलं होतं. कालपासून चार वाजता चहाबरोबर एक वडी खाते. स्टॅनलीला गोड बंद आहे, म्हणजे मी एकटीच. अजून आठ दिवस पुरेल.

या पाकिटावरचा पत्ता मी आमच्या पाळकांकडून लिहून घेतला आहे. माझं अक्षर पाहिलं असतंस तर हेही परत आलं असतं. ही फसवणूक आहे हे मला कळतं. जाड पेनने आणि ओळी सोडून लिहिते आहे, म्हणजे तुला उजव्या डोळ्याने वाचता येईल. जिलियनकडून वाचून घेऊ नकोस. लेक झाली तरी पहिल्यांदा तू एकटीने वाच.

अठ्ठावीस तारखेच्या आत तुला एका कागदावर सही करायची आहे, त्याबद्दल मला लिहायचं आहे. थेट तिथूनच सुरुवात करणार होते. जमत नाही. थोडं मागून येते.

तुला आठवत असेल, स्टॅनली चष्म्याच्या फ्रेमा विकत गावोगाव फिरायचा आणि पॅडियमला आला की तुमच्याकडे जेवायचा. क्लिफर्डच्या दुकानाच्या दाराला ती छोटी घंटा होती. एकेका माणसाचे डोळे तपासायला तुझा नवरा चाळीस मिनिटं घ्यायचा. मग कायदा बदलला, चष्मे कुणीही विकावे, जाहिराती कराव्या, असं झालं. आणि स्टॅनलीने बर्नलीत एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात पहिलं ‘वॉड्सली’ उघडलं. एका चष्म्याच्या पैशात दोन. पहिल्या शनिवारी रांग थेट लोणी-चीजच्या दुकानापर्यंत गेली होती. मॅट्रिकच्या गणितावर मी त्याच्या सहा दुकानांच्या वह्या स्वयंपाकघरात बसून सांभाळल्या. पुढे दुकानं चाळीस झाली, आज एकशे बारा आहेत, आणि वह्या मँचेस्टरला काचेच्या इमारतीत गेल्या. त्या दिवसापासून दुपारी काय करायचं हे मला नीटसं कळलेलं नाही.

तुमच्या दुकानासमोर आमचं दुकान उघडायच्या आधी क्लिफर्ड आमच्याकडे चहाला आला होता. तू नव्हतीस, म्हणून सांगते. तो कोट न काढता बसला आणि म्हणाला, “स्टॅन, तू चष्मे विकतोयस की बटाटे?”

“बटाट्यात काही सुटत नाही, क्लिफ,” स्टॅनली म्हणाला. “ये माझ्याकडे. दुकानात अर्धी भागी देतो. तपासणीला फक्त बारा मिनिटं, एवढी एकच अट.”

“बारा मिनिटांत मी नाव विचारतो,” क्लिफर्ड म्हणाला.

आम्ही तिघंही हसलो होतो. खरंच हसलो होतो, मेव्हिस. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, “विन, तू तरी ह्याला सांग.” मी त्याच्या कपात चहा ओतला.

दोन वर्षांत त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि पुढच्या हिवाळ्यात तो गेला. दफनाच्या दिवशी तू दारात उभी राहून मला म्हणालीस, “तू आत यायचं नाहीस, विन. स्टॅनलीला येऊ दे. तो निदान धंदा करत होता. तू माझी बहीण होतीस.” मी हॅमच्या सँडविचचं ताट पायरीवर ठेवलं आणि बस पकडली. ताट आईचं होतं. ते तुझ्याकडेच राहू दे.

या आठ वर्षांत तुला सांगण्यासारखं फार काही घडलं नाही. घर मोठं आहे, समुद्र समोर आहे. खिडक्या पुसायला येणाऱ्या माणसाशी मी जरुरीपेक्षा जास्त बोलते आणि तोही बिचारा शिडीवर थांबून ऐकतो. चॅपलमध्ये माझी जागा तीच आहे, तुझ्या डोळ्याची बातमी छापून आल्यापासून शेजारची मात्र रिकामी असते. ‘चष्मे दोन, डोळा एक’ असा मथळा होता. त्या रविवारी मिसेस एंटविसल मोठ्याने म्हणाल्या, “मी तुमच्याचकडून घेतले हो, विनिफ्रेड. एक चष्मा इथे ठेवते, एक घरी. डोळे मात्र दोन्ही बरोबर न्यावे लागतात.” सगळे हसले. मी स्तोत्राचं पान शोधत राहिले.

फोटोत तू बारीक झालेली दिसतेस. केस आखूड केलेस ते बरं दिसतं.

शनिवार

तीन दिवस पत्र पाव ठेवायच्या डब्याखाली होतं. आता कागदाबद्दल लिहिते.

मागच्या महिन्यात तुझ्या दाव्याबद्दल स्टॅनलीच्या वकिलांनी त्याला एक जाड पाकीट पाठवलं. नाश्त्याच्या वेळी त्याने ते उघडून माझ्यासमोर सरकवलं. आत तुझ्या तपासणीच्या कार्डाची प्रत होती, मार्च चौऱ्याण्णवची. कार्डावर छापलेलं आहे: आई, वडील, भाऊ, बहीण, यांपैकी कुणाला काचबिंदू आहे का? पुढे दोन चौकोन. तू ‘नाही’च्या चौकोनात खूण केली आहेस. शाळेत करायचीस तशीच, शेपूट वर काढलेली.

“बघ,” स्टॅनली म्हणाला, “तिनेच लिहून दिलंय. आता आम्ही काय करायचं? घरात घुसून विचारायचं?”

आमच्या दुकानांचा नियम तुझ्या वकिलाला एव्हाना कळला असेल. डोळ्यावर हवेची फुंकर मारून आतला दाब मोजायचं यंत्र प्रत्येक दुकानात आहे. पण ते साठीच्या पुढच्यांना, नाहीतर ‘हो’वर खूण करणाऱ्यांना. बाकीच्यांना नाही, बारा मिनिटांत बसत नाही. तू चोपन्नची होतीस आणि तू ‘नाही’ म्हणालीस. म्हणून तुला फुंकर मारली नाही, दोन चष्मे दिले आणि दोन वर्षांनी भेटा म्हणून सांगितलं. पुढचं तुला माहीत आहे.

आता तुझ्यापुढे कागद आहे. चार हजार पौंड घ्यायचे आणि सही करायची की दुकानाने त्यांच्या माहितीप्रमाणे योग्य तेच केलं, चूक तुझ्या उत्तराची होती. तू बातमीदाराला म्हणालीस, “चूक माझीच असेल. पण आमच्या घरात कुणालाच नव्हतं हो.” ते वाक्य मी कापून ठेवलं आहे. कशाला, ते मला सांगता यायचं नाही.

घरात आहे, मेव्हिस. मला आहे.

एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यात कळलं. सकाळी आठला एक थेंब, संध्याकाळी आठला एक, दोन्ही डोळ्यांत, साडेसहा वर्षं. घालून द्यायला कुणी नाही, म्हणून अर्धा थेंब गालावरच जातो. माझे डोळे टिकले आहेत. वेळेवर सापडलं म्हणून टिकले. आईलाही हेच असणार. शेवटी शेवटी ती दाराच्या चौकटींना धडकायची आणि आपण तिला धांदरट म्हणून हसायचो, आठवतं? तेव्हा कुणी त्याला नाव दिलं नाही, म्हणून तुला माहीत असायचं कारण नव्हतं. तू खोटं लिहिलं नाहीस. तुला जे माहीत होतं ते लिहिलंस.

स्टॅनलीने मला बजावलं होतं, “कुणाला बोलायचं नाही. वॉड्सलीची बायको आणि काचबिंदू! लोक हसतील.” तेव्हा माझा फोटो प्रत्येक दुकानाच्या काचेवर होता, तू पाहिला असशील, निळ्या फ्रेमचा. मनात होतं की नवऱ्याने तोंड बंद केलं असं लिहावं आणि पत्राखाली सही करून मोकळं व्हावं. पण ते पुरतं खरं नाही. चॅपलला वर्गणी किती द्यायची, हे मी त्याचं कधी ऐकलं नाही. हेही ऐकलं नसतं, मनात असतं तर.

रविवार, चॅपलहून आल्यावर

आज प्रार्थनेत डोळे मिटले आणि ठरवलं की घरी जाऊन उरलेलं लिहायचं, आणि मगच जेवायचं. बटाटे सोलून पाण्यात ठेवले आहेत.

मँचेस्टरच्या इस्पितळातले डॉक्टर तरुण होते, भले होते. तपासून झाल्यावर म्हणाले, “वॉड्सलीबाई, हे रक्तात येतं. सख्ख्या भावंडांना लगेच सांगा. चाळिशीपुढच्या भावंडांना तपासणी सरकारी खर्चाने मिळते. किती भावंडं तुम्ही?”

मी म्हटलं, “मी एकटीच.”

त्यांनी लिहून घेतलं. मी आभार मानले आणि बाहेर येऊन बसची वाट पाहिली. स्टॅनली तिथे नव्हता. मला कुणी शिकवलं नव्हतं. मला एवढंच वाटलं, दारातून हाकलते काय, आता गरज लागेल तेव्हा येईल पायरी चढून, तेव्हा सांगेन. तू यावंस म्हणून मी वाट पाहत होते. बाकी कशासाठी नाही.

आणखी आहे. चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये एकदा स्टॅनली जेवताना खुशीत होता. “तुझी बहीण आली की गं शेवटी! पॅडियमच्या दुकानात. दोन चष्मे घेऊन गेली.”

मला कार्ड माहीत होतं. नियम माहीत होता. माझे थेंब खिडकीत बाटलीत होते. बाजारपेठेत दुसरं दुकान आम्ही उरू दिलं नव्हतं, म्हणून तू आमच्याकडे आलीस, हेही मला कळत होतं. तुझा फोनचा नंबर मला पाठ आहे. मी स्टॅनलीला विचारलं, “पुडिंगवर कस्टर्ड घालू का?” आणि मला बरं वाटलं, मेव्हिस. तू शेवटी आमच्या दारात आलीस म्हणून बरं वाटलं. डॉक्टर म्हणतात, त्या वर्षी सापडलं असतं तर डावा डोळा वाचला असता. तुझं नाव न घेता मी हे त्यांना गेल्या आठवड्यात विचारलं. तेव्हा त्यांना हेही सांगितलं, की मला एक बहीण आहे. त्यांनी माझं जुनं कार्ड काढलं आणि एक ओळ खोडली.

माफ कर असं लिहीत नाही. इतक्या मोठ्या गोष्टीपुढे तो शब्द ठेवायला लाज वाटते.

स्टॅनलीला गुरुवारी सांगितलं, की मी साक्ष देणार. त्याने सुरी-काटा खाली ठेवला. “चाळीस वर्षं झाली, विन. आणि आता कोर्टात माझ्याविरुद्ध?”

“तुझ्याविरुद्ध नाही. मेव्हिसच्या बाजूने.”

“दोन्ही एकच आहे.”

“असेल,” मी म्हटलं.

“लोक दुकानं फोडतील. साडेआठशे माणसं कामाला आहेत, त्यांचं काय?”

मी ताटं उचलून धुवायला घेतली. स्टॅनली आता हल शहरात गेला आहे, तिथे नवं दुकान उघडतं आहे. त्याचा फोन आलेला नाही.

आता काय करायचं ते नीट वाच. त्या कागदावर सही करू नकोस. वॉड्सलीच्या मालकाला आपल्या बायकोचा आजार माहीत होता, तू तिची सख्खी बहीण आहेस हेही माहीत होतं, आणि तू त्याच्या दुकानात आलीस हेही त्याला त्याच आठवड्यात कळलं होतं. तरी आज तो तुझी खूण पुढे करतो आहे. हे सगळं मी पाळकांसमोर लिहून सही केली आहे. तो कागद सोबत आहे, आणि इस्पितळाच्या माझ्या कार्डाची प्रत. दोन्ही तुझ्या वकिलाला दे. प्रेस्टनच्या कोर्टात जानेवारीत तारीख आहे. मी येईन. बस सव्वासातला आहे, मी विचारून ठेवलं आहे.

पण साक्षीदारांत माझं नाव घालायचं की नाही ते तू ठरवायचंस. माझ्या तोंडून काही ऐकायचं नसेल तर कागद तेवढे वापर, मी घरी बसेन. आणि माझ्यावरही दावा लावायचा असेल तर लाव. मी त्यावर वकील देणार नाही.

कोर्टात पहिला प्रश्न असेल, तुमचं फिर्यादीशी नातं काय. त्याचं उत्तर मी तुझ्या परवानगीशिवाय देणार नाही.

म्हणून उलट टपाली दोनच गोष्टी कळव: सही केली नाहीस ना, आणि मी येऊ का. एका ओळीचं कार्ड चालेल. वर माझं नाव घातलं नाहीस तरी चालेल. सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे.

तू लिहू देशील तर,
तुझी सख्खी बहीण,
विन